मरुभूमीतील धाव आणि आपला मदतनिधी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात खारदांडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांला केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो आपल्या वाड्यातील तरुण मंडळींनी आपणां सर्वांपुढे ठेवला आहे. राजस्थानच्या वाळवंटात होणाऱ्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत धावावे, त्या निमित्ताने समुद्रात बेपत्ता झालेल्या खलाशांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी उभारावा आणि या कामाला मंडळाने आपले नाव द्यावे, असा अर्ज काही तरुण-तरुणींनी केला आहे. अर्जावर वाड्यात पुष्कळ खल चालला आहे. 'दर्यावर जगणाऱ्या माणसाने वाळवंटात जायचे कशाला?' असे एक म्हणतो. 'पैसेच हवे असतील तर दारोदार फिरून वर्गणी मागा, त्यासाठी धावायचे कशाला?' असे दुसरा म्हणतो. 'हा दानधर्म की तमाशा?' असे तिसरा विचारतो. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारणारी मंडळी अनुभवी आहेत. म्हणून त्यांची उत्तरे नीट, बाजू तपासून दिली पाहिजेत.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. बेचाळीस किलोमीटर आणि १९५ मीटर धावणे म्हणजे मॅरेथॉन, हे आता मुंबईच्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याहून लांब पल्ल्याच्या धावेला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. वाळवंटातील अशा शर्यतींत सर्वांत नावाजलेली शर्यत मोरोक्को देशात होते. पॅट्रिक बाऊएर नावाच्या एका फ्रेंच तरुणाने १९८४ साली अल्जीरियाच्या वाळवंटातून सुमारे ३५० किलोमीटरची वाट बारा दिवसांत एकट्याने, पाठीवर अन्नपाणी घेऊन तुडवली. त्या अनुभवातून त्याने १९८६ साली मोरोक्कोत शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी धावणारे अवघे तेवीस होते. पुढे जगभरातून शेकडो लोक तेथे जाऊ लागले. सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने तोडायचे आणि आपले अन्न व अंथरूण आपणच वाहायचे, असा तिचा नियम. त्यांतला एक टप्पा तर ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा असतो.

अडीचशे किलोमीटर हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु आळंदीहून पंढरपूरचे पालखीच्या वाटेने होणारे अंतरही जवळजवळ तेवढेच आहे आणि ते आपल्या आयाबायांनी डोक्यावर तुळस घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पायी तोडले आहे. आपल्या तरुणांना जी धाव घ्यायची आहे ती जैसलमेरहून लोंगेवाल्यापर्यंतची, सुमारे शंभर किलोमीटरांची. १९७१ च्या डिसेंबरात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या मूठभर जवानांनी रणगाडे घेऊन आलेल्या शत्रूला ज्या ठाण्यावर रात्रभर थोपवून धरले, तेच हे लोंगेवाला. अलीकडच्या वर्षांत डिसेंबर महिन्यात तेथे ही शर्यत भरते. आपल्या खारदांड्यापासून कार्ल्याच्या आई एकवीरेचा डोंगरही शंभर किलोमीटरांच्याच आसपास आहे. कोळीवाड्यांतून पालखीबरोबर पायी कार्ल्याला जाणारे आपल्या समाजात थोडेथोडके नाहीत. तेव्हा अंतर आपल्याला परके नाही. परकी आहे ती भूमी आणि परका आहे तो वेळेचा हिशेब. कारण पालखी वाटेत मुक्काम करते, शर्यत मुक्काम करीत नाही.

आणि महाराष्ट्राच्या माणसाला हे जमत नाही असेही कोणी समजू नये. लडाख हे थंड वाळवंटच आहे. तेथे पाऊस नाममात्र आणि हवा विरळ. त्या प्रदेशात घाटमाथे ओलांडीत जाणारी ५५५ किलोमीटरची 'ला अल्ट्रा' ही शर्यत पुण्याचे आशीष कासोदेकर यांनी २०१९ साली पूर्ण केली. पुढे त्यांनी साठ दिवसांत रोज एक याप्रमाणे साठ मॅरेथॉन धावून २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी तो संकल्प सिद्धीस नेला. वय, नोकरी आणि संसार सांभाळूनही अंगमेहनतीचे असे व्रत पाळता येते, एवढाच बोध येथे घ्यावयाचा.

आता दुसरा प्रश्न. वर्गणीसाठी धावायचे कशाला? याचे उत्तर शोधताना आम्हांला एक गंमत आढळली. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत खेड्यापाड्यांतील गडी अनवाणी लांब पल्ला धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे असा विचार त्यांच्या मनात आला. त्यासाठी त्यांनी पदरचा पैसाही घातला. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये धावले आणि एकोणिसावे आले. पुढे १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणून त्या ऋणाचे चीज केले. त्या काळी समाज वर्गणी काढी, म्हणून गडी धावे किंवा लढे. आज गडी धावतो, म्हणून समाज वर्गणी काढतो. प्रवाह उलटला आहे. पण दोन्ही वेळी समाज आणि गडी यांच्यामधला विश्वासाचा धागा एकच आहे.

या उलट्या प्रवाहाचे सर्वांत थोर उदाहरण कॅनडातील टेरी फॉक्स याचे आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, ऐन अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात आपल्याहून लहान मुलांच्या यातना त्याने पाहिल्या आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी देश धावून ओलांडण्याचा निश्चय केला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढे अंतर तोडीत १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर गेला. १ सप्टेंबरला रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तो वारला. त्याची इच्छा एवढीच होती की, प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा. तो थांबल्यानंतर, १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत, ती इच्छा पुरी झाली. देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमा झाले होते. यांतल्या दोन गोष्टी आपण ध्यानात धराव्या. एक, तो पोहोचला नाही, तरी निधी पोहोचला. दुसरी, आपल्या धावेच्या जोरावर कोणा कंपनीने आपला माल खपवावा हे त्याने चालू दिले नाही.

आपल्या मुंबईतही २००४ साली मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून हजारो लोक कोणत्या ना कोणत्या सेवाकार्याच्या नावाने धावतात. नोंदलेल्या संस्थांपैकी एक धावणारा निवडतो, आपल्या इष्टमित्रांना पत्राने किंवा फोनवरून कळवतो, आणि देणगी धावणाऱ्याच्या हाती न येता सरळ संस्थेकडे जाते. आपल्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून त्या दिवशी अंध, अपंग, वृद्ध असे सर्व तऱ्हेचे लोक जातात. हे पाहणाऱ्याच्या मनात एक फरक पडतो. दारात वर्गणी मागायला आलेल्याला आपण पुष्कळदा भिडेखातर देतो आणि दार लावताना थोडे कुरकुरतो. पण मागणाऱ्याने आधी स्वतःचे काही टाकले आहे, झोप टाकली आहे, घाम टाकला आहे, हे दिसले की भीड गळून पडते आणि देणे मनापासून होते. नवसाला चालत जाणाऱ्याच्या हातावर वाटेतले गाव भाकरी का ठेवते, त्याचेही मर्म हेच. म्हणून आमच्या मते ही नवी रीत परकी नाही. जुन्या व्रताला आलेले ते नवे पालव आहे.

तथापि व्रत म्हटले की धोकाही आला, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वाळवंटात माणूस उन्हाने मरतो एवढेच आपण ऐकून असतो. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडे हवा दमट, म्हणून घाम अंगावरून निथळतो आणि आपल्याला कळतो. वाळवंटात हवा कोरडी, म्हणून घाम येताक्षणी उडून जातो आणि अंगातले पाणी किती गेले याचा पत्ताच लागत नाही. उलट भीतीपोटी नुसते पाणी ढोसणेही तितकेच घातक. घामावाटे मीठ जाते. त्यावर केवळ पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, भोवळ येते, शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणही जातो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात मीठ प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. खारदांड्याच्या माणसाला मिठाची किंमत दुसऱ्याने सांगावी लागू नये. परंतु अंगातल्या मिठाचा हिशेब ठेवण्यास त्यालाही शिकावे लागेल. शिवाय डिसेंबरात जैसलमेरकडे दिवसा ऊन असले तरी रात्री पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. आपल्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्याला ती थंडी उन्हापेक्षा अधिक छळील. तयारी करायची ती या सर्वांची. जुहूच्या ओल्या, घट्ट वाळूवर धावणे सोपे. कोरड्या भुसभुशीत वाळूवर पाऊल रुतते आणि पोटऱ्या भरून येतात. सराव दोन्हींवर हवा आणि रात्रीही हवा.

वाट चुकण्याचे भयही काल्पनिक नाही. १९९४ साली मोरोक्कोच्या त्या शर्यतीत माउरो प्रॉस्पेरी नावाचा एक इटालियन पोलीस अधिकारी वाळूच्या वादळात सापडला. वादळ शमले तेव्हा खुणा पुसल्या गेल्या होत्या. तो भरकटत थेट अल्जीरियाच्या हद्दीत गेला आणि सुमारे नऊ दिवसांनी भटक्या लोकांच्या वस्तीपाशी जिवंत सापडला. ते नऊ दिवस त्याच्या घरच्यांनी कसे काढले असतील?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्या वाड्याला समजावून सांगावा लागत नाही. वादळात होडी परतली नाही म्हणजे घरच्या माणसांचे डोळे कसे किनाऱ्याला लागतात हे आपण जाणतो. प्रॉस्पेरी नऊ दिवसांनी परतला. आपल्यातले कित्येक परतत नाहीत आणि त्यांचा देहही हाती लागत नाही. अशा घरावर दुहेरी संकट कोसळते. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला सहज मिळत नाही. दाखला नाही म्हणून विमा, बँकेतील ठेव, वारसाची नोंद सारेच अडते. ज्याची खबर सात वर्षे आप्तांना मिळाली नाही तो मृत मानावा, असे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच कायम आहे. दुसरा सबळ पुरावा नसेल तर कायद्याच्या दृष्टीने घरच्या बाईला सात वर्षे ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत काढावी लागतात. सरकार आणि न्यायालय यांच्या दारी न्याय मिळतो, पण तो यथावकाश मिळतो; मुलाच्या शाळेची फी मात्र जूनमध्येच भरावी लागते. मधल्या काळात त्या घराची चूल पेटती राहावी, एवढ्यासाठी आपल्या तरुणांना हा निधी हवा आहे. वाळूत धावून दर्यात हरवलेल्यांच्या घरांना हात द्यावा, ही त्यांची कल्पना. तिला तमाशा म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

तरीही तमाशा होण्याचा संभव आहे आणि तो टाळणे आपल्या हाती आहे. परदेशी शर्यतींची प्रवेश-फीच काही हजार युरो असते. प्रवास, सामान, मुक्काम हे वेगळेच. हा खर्च जमलेल्या देणगीतून भागवण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. मग देणाऱ्याला वाटते आपण अनाथाला दिले, आणि प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग एकाच्या प्रवासात जातो. जैसलमेर जवळ आहे, खर्चही त्या मानाने थोडा. परंतु तत्त्व रुपयांच्या संख्येवर बदलत नाही. यास्तव मंडळाने आपले नाव अवश्य द्यावे, पण पुढील अटींवर द्यावे, अशी आमची सूचना आहे.

पहिली अट: धावणाऱ्याचा खर्च धावणाऱ्याचा. फी, गाडीभाडे, बूट, औषध हे त्याने स्वतःच्या कमाईतून करावे. कोणा आप्ताला किंवा मित्राला त्यास मदत करायची असेल तर ती त्याने वेगळी व उघडपणे करावी. निधीतला एक रुपयाही त्याकडे वळू नये.

दुसरी अट: पैसा धावणाऱ्याच्या हाती येऊ नये. मंडळाने बँकेत स्वतंत्र खाते उघडावे, प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि हिशेब तपासून घेऊन पुढल्या स्मरणिकेत पैन्‌पैचा छापावा. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत चालणाऱ्या संस्थांनी हिशेबाच्या बाबतीत कायद्याच्या किमान मर्यादेवर समाधान मानू नये. ज्ञातीचा विश्वास ही त्याहून मोठी मर्यादा आहे.

तिसरी अट: देणगी किलोमीटरवर बांधू नये. 'इतके किलोमीटर धावलास तर इतके देईन' अशी भाषा काही लोक हौसेने करतात. तिचा परिणाम असा होतो की, पाय सुजला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी अनाथांचा घास बुडेल या धास्तीने तरुण थांबत नाही. टेरी फॉक्स अर्ध्या वाटेवर थांबला आणि निधी त्यानंतरही वाढतच राहिला, हे आपण पाहिले. द्यायचे ते कार्याकडे पाहून द्यावे.

चौथी अट: डॉक्टरांनी तपासून संमती दिल्यावाचून कोणी जाऊ नये, एकट्याने जाऊ नये आणि मध्येच परत फिरणाऱ्याला कोणी हिणवू नये. आभाळ पाहून होडी मागे वळवणाऱ्या तांडेलाला आपण भित्रा म्हणत नाही. खलाशांची पोरे त्याला दुवा देतात. वाळवंटातही तोच न्याय लावावा.

आणखी एक शंका वडीलधाऱ्यांनी काढली आहे. डिसेंबर म्हणजे मासळीचा हंगाम. होडीवरचे हात कमी झाले तर धंद्याने काय करावे? शंका बरोबर आहे. म्हणून शर्यतीला जाण्याचा भार कचेरीत, कारखान्यांत, शाळा-कॉलेजांत असलेल्या मुलामुलींनी उचलावा. ज्यांचे शिक्षण होडीच्या आणि पाटीच्या कमाईवर झाले, त्यांनी होडीवरच्यांसाठी घाम गाळावा यात औचित्यही आहे. होडीवरचे बंधू घरी राहूनही यात सामील होऊ शकतात. तरुण किनाऱ्यावर सरावाला उतरले की त्यांना पाणी द्यावे, बोंबील वाळवण्याच्या जागेतून जाताना कोणी त्यांना दटावू नये, आणि कोणत्या घराला मदतीची खरी निकड आहे ती यादी मंडळास गुपचूप, त्या घराची अब्रू राखून, कळवावी. निधी जमवण्यापेक्षा तो योग्य दारी पोहोचवणे अधिक कठीण असते, आणि ते काम शर्यतीत न धावणाऱ्यांचे आहे.

मुलींच्या जाण्याबद्दलही कुजबुज आमच्या कानी आली. पहाटे अंधारात बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव घेणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन मुंबई पालथी घालणाऱ्या बायांच्या या लेकी आहेत. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशातील ललिता बाबर गावच्या मातीतून धावत निघाली ती २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली. आपल्या मुलींच्या पायांतही बळ आहे. घरच्यांनी त्यांची पाठराखण तेवढी करावी.

सारांश, दर्यावरच्या माणसाने वाळवंटात जाण्यात वावगे काही नाही. धावून वर्गणी मागण्यात कमीपणा नाही. आणि ही धाव दानधर्म ठरते की तमाशा, हे ठरवणारी गोष्ट शर्यत नसून हिशेबाची वही आहे. कष्ट सगळे धावणाऱ्याचे आणि रुपया सगळा गरजूचा, एवढी रेघ आपण सांभाळली, तर शेवटच्या क्रमांकाने आलेला आपला मुलगाही ज्ञातीचे नाव राखून आला असे आम्ही समजू.

कार्यकारी मंडळाने हा अर्ज अटींसह मंजूर करावा आणि ज्ञातिबांधवांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे निधीस हातभार लावावा, अशी नम्र विनंती करून, आणि आपल्या तरुणांना आई एकवीरेने सुखरूप नेऊन सुखरूप आणावे अशी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.